पुढील सूचना येईपर्यंत

सांगावं की नको, असं करत बरेच दिवस काढले. पण आता सांगतेच. मी नाही सांगितलं तर आमच्या वाडीतलं कोणीतरी तुम्हाला सांगणारच, आणि त्या सांगण्यात मी लुगड्यासकट समुद्रात उडी घेतलेली असणार. तेवढं काही झालं नाही हो. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाय भिजले, इतकंच.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. माहेर घाटावरचं, कोल्हापूरच्याही पुढचं. सासर इथं मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. घरात माणसं तीन. मंदार म्हणजे माझा नवरा, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. आणि मी. सासरे बारा वर्षांपूर्वी गेले. त्यांचा फोटो टीव्हीच्या बरोबर वर लावलाय, त्यामुळे आपण मालिका बघतो आणि ते आपल्याला बघतात.

मी मुळातच कमी बोलते. ‘सून बरी आसा, पण घरात आसा की नाय ता कळणा नाय,’ असं आई शेजारी सांगत होत्या, ते मी स्वतः ऐकलंय. त्यावरही मी काही बोलले नव्हते.

तर झालं असं, की मी आठ दिवस माहेरी गेले होते, भावाच्या मुलीच्या बारशाला. परतताना कसालच्या तिठ्यावर उतरायचं आणि मंदारने मोटरसायकल घेऊन यायचं, असं ठरलेलं. मी उतरले. मंदार नाही. फोन लावला, लागेना. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या आईने दिलेली चटणीची बरणी, अशी मी दीड तास उभी. शेवटी रिक्षा करून घरी आले, तर हे महाशय लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले. वर पाहून म्हणाले, “अरे! आज गुरुवार?”

झालं. मी अबोला धरला.

पण माझ्यासारखीच्या अबोल्याचं दुःख तुम्हाला काय कळणार? एरवी बोलणाऱ्या बाईने तोंड मिटलं की घर हलतं. मी मिटलं, तर कोणाच्या लक्षातच आलं नाही! मंदार आपला मजेत जेवला. रात्री म्हणाला, “तू बारशाहून आल्यापासून शांत शांत वाटतं.” सकाळी उजाडता उजाडता उठला, दारातून म्हणाला, “मी पुढे जातो, दुपारी आईबरोबर निघ.” कुठे निघ? का निघ? विचारायला हवं होतं. पण अबोल्यात कोणी विचारतं का? मी पाठमोरी राहून फक्त म्हटलं, “चहा टेबलावर आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता दोन गोष्टी तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण मला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट म्हणजे गावपळण. आमच्या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री. रानात झोपड्या बांधायच्या, तिथंच रांधायचं, गाणी म्हणायची, आणि पुन्हा कौल झाला की परतायचं. तो कौल नेमका मी माहेरी असताना झाला. आईंना वाटलं मंदारने मला फोनवर सांगितलं असेल, मंदारला वाटलं आईंनी. आणि मी विचारणाऱ्यातली नाही.

दुसरी गोष्ट मंदारची फिल्म. ‘शाळेसाठी माहितीपट करतोय’ एवढंच तो मला म्हणाला होता. मी समजले, प्रकाशसंश्लेषण वगैरे असेल. प्रत्यक्षात ती अणुयुद्धावर होती. म्हणजे गोष्ट बनावट, पण दाखवायची अशी की जणू खरोखरच्या बातम्या चालल्यात, खरोखरच्या लोकांना माइक लावून विचारतायत. असल्या परदेशी फिल्म्स तो कॉलेजपासून बघत आलाय. त्याचं म्हणणं असं, की नुसते आकडे ऐकून कोणाला भीती वाटत नाही, आपला रोजचा तिठा दाखवला की वाटते.

बरोबर आहे त्याचं. वाटते.

दहाच्या सुमाराला आई गाय घेऊन बाहेर गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही. घरात एकटी होते म्हणून टीव्ही लावला. पडद्यावर एकदम आपली मालवणची जेटी! एक मुलगी माइक घेऊन उभी, केस वाऱ्यावर उडतायत, आणि सांगतेय की बोटी परत बोलावल्या आहेत. मग नकाशा. दक्षिणेला एक लाल ठिपका, त्याभोवती गोल, तो मोठा मोठा होत कसालपर्यंत आला. मग कुठल्याशा डॉक्टरबाई. त्या म्हणाल्या, “अणुहल्ल्याच्या बातमीने माणसं बधिर होतात. काही हसतात, काही असंबद्ध बोलतात. त्यांच्याशी वाद घालू नका.”

कॅमेरा सगळा वेळ हलत होता. बनावट गोष्टीत कॅमेरा हलत नाही, असं माझं तोवरचं ज्ञान. मंदारने आदल्या दिवशी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून तशीच ठेवलीय आणि मी ती अर्ध्यातून बघतेय, हे मला कसं कळावं?

शेवटी एक मोठे अधिकारी आले. भरघोस मिशा, करडा आवाज, टेबलावर प्लास्टिकची फुलं. म्हणाले, “नागरिकांनी घाबरून जाऊ नये.”

आता मला सांगा, हे वाक्य ऐकून आजवर कोण घाबरलं नाहीये?

साहेबांनी सूचना दिल्या. खिडक्यांच्या काचांना चुना फासावा. औषधं, गरम कपडे, महत्त्वाच्या वस्तू सोबत घ्याव्यात. गावाच्या वेशीबाहेर तीन दिवस, तीन रात्री राहावं. मग त्यांनी चष्मा काढला, थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पुढील सूचना येईपर्यंत…”

आणि लाईट गेली.

काय पुढील सूचना येईपर्यंत? काय करायचं तोपर्यंत? मी रिमोटची बटणं दाबतेय, टीव्ही काळाठिक्कर, वरून सासरे बघतायत. मंदारला फोन लावला. आमच्याकडे रेंज परसातल्या एका ठरावीक माडाखाली येते. त्या दिवशी ती तिथंही नव्हती. तशी ती बहुतेक दिवशी नसतेच, पण त्या दिवशी मला तिच्या नसण्याचं कारण कळलं.

धावत अंगणाच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, गेले. रस्त्यावर बघते तर गाव चाललाय! डोक्यावर गाठोडी, टोपलीत कोंबड्या, दोरीला बकऱ्या. एका म्हाताऱ्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचललेलं. आणि सगळे हसतायत! खुर्चीतल्या आजी तर खिदळत होत्या. मला डॉक्टरबाई आठवल्या आणि भडभडून आलं.

मग मनात आलं ते एकच. चार महिन्यांच्या संसारातलं नवऱ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य काय? ‘चहा टेबलावर आहे.’

नाही. असं मरायचं नाही. मंदारला गाठायचं आणि बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला इतकं बोलायचं होतं!

पण आधी सूचना. चुना कुठून आणू? घरात चुना एकच, आईंच्या पानाच्या तबकातला. डबी घेतली आणि बोटाने खिडकीला लावायला लागले. अर्धी काच झाली आणि डबी संपली. तेवढ्यात आई आल्या.

“काय करतंस गो?”

“चुना लावतेय, आई. काचांना.”

आईंनी काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या डबीकडे बराच वेळ बघितलं. घर बंद करून जाताना खिडकीला चुना लावायची ही आमची घाटावरची रीत असेल, असं त्यांना वाटलं, हे मला मागाहून कळलं. नव्या सुनेच्या माहेरच्या रीतीला नावं कशी ठेवायची, म्हणून बिचाऱ्या गप्प राहिल्या.

“आई, तुम्हाला कळलं ना सगळं?”

“माका कळूचा काय? आठ दिस गाव ह्याच बोलता.”

आठ दिवस! आणि आमच्या घाटावर कोणाला पत्ता नाही!

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“भियाचा कित्याक? माझी ही धावी. लगीन होऊन इलंय तेव्हापासून.”

दहावी! असंबद्ध बोलणं. वाद घालायचा नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. त्या जरा चपापल्याच, कारण चार महिन्यांत मी असं कधी केलं नव्हतं.

“आई, मंदार कुठे आहे?”

“पुढे गेलो मगाच, जागा धरूक. उशीर झालो की बरी जागा गावणा नाय. मागच्या खेपेक मुंगळ्यांत निजलेलंव.”

एवढ्यात अंगणातून हाक आली, “वयनी, झाली काय तयारी?” आणि दारात कोण उभं म्हणता? टीव्हीतले साहेब! त्याच मिशा, तोच आवाज. फक्त खाली अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा आणि काखेत कोंबडा.

हे बाबलकाका, आईंचे लांबचे दीर. दशावतारी नाटकांत राजे करतात आणि सदा गावोगाव फिरतीवर, त्यामुळे आमच्या लग्नालाही आले नव्हते. गावपळणीसाठी घरी आलेले. पण मी त्यांना कुठे ओळखत होते?

मी पटकन डोक्यावर पदर घेतला. “साहेब! तुम्ही स्वतः आलात?”

बाबलकाकांनी मागे वळून बघितलं, साहेब कुठे दिसतायत का. मग त्यांचा चेहरा खुलला. सुनेने फिल्म बघितली आणि आपलं काम तिला आवडलं, असा त्यांचा समज झाला.

“साहेब, आपल्याकडे वेळ किती आहे?”

“नगारो वाजलो की निघाचा. अर्धो तास धर.”

“सगळे वाचतील ना?”

“वाचूक काय झाला? सगळी येतली. ह्यो कोंबो पण येतलो.”

“कोंबडा कशाला, साहेब?”

“मगे हय ठेवून जाव? तेका खावक कोण घालतलो?”

असल्या प्रसंगी कोंबड्याचा विचार करणारा अधिकारी! माझे डोळे भरून आले. ते पाहून बाबलकाकांना आणखी स्फुरण चढलं. त्यांनी कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला, छाती काढली आणि तोच करडा आवाज लावून म्हणाले, “नागरिकांनी घाबरून जाऊ नये!”

मला रडूच फुटलं. आईंनी मला धरलं आणि बाबलकाकांना हळूच म्हणाल्या, “घाटावरची आसा.” काकांनी समजूतदारपणे मान हलवली.

पुढच्या अर्ध्या तासात मी काय काय बांधलं, ते आता आठवलं तरी कानशिलं तापतात. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आईंची कानटोपी. मंदारचा स्वेटर. माझी चटणीची बरणी, कारण एवढी घाटावरून सांभाळून आणलेली. आणि निघता निघता टीव्हीच्या वर लक्ष गेलं. सासरे बघत होते. यांना एकट्याला इथं कसं ठेवायचं? स्टुलावर चढले, फोटो काढला आणि स्वेटरमध्ये गुंडाळून पिशवीत घातला.

नगारा वाजला. आईंनी दाराला कडी घातली, देवाला हात जोडले आणि भराभर चालू लागल्या. मी मागून, पिशवी पोटाशी धरून. वेशीवरचा व्हाळ ओलांडताना चप्पल निसटली, ती मी तशीच सोडली. युद्धात चपला शोधत नाहीत.

व्हाळापलीकडे पाहते तर माडाच्या झापांच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली, पेजेचा वास. आणि एका झोपडीवर दोरी बांधत उभा मंदार. जिवंत!

आता मघाशी म्हटलं ना, मी कमी बोलते? चारचौघांत मी नवऱ्याला नावानेही हाक मारत नाही. ‘अहो’सुद्धा पुटपुटते. पण त्या क्षणी माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो आमच्या वाडीने पहिल्यांदा ऐकला. आणि मीसुद्धा.

“मंदार! मी कसालला दीड तास उभी होते! दीड तास! आणि मी अबोला धरला होता, पण तुला तो कळलासुद्धा नाही! मी ठरवलेलं, तू सॉरी म्हणेपर्यंत बोलायचं नाही! पण आता राहू दे. आता जे व्हायचं ते होऊ दे. फक्त तू माझ्या शेजारी बस. माझा हात धर. आईंना मध्ये घेऊ. मला तुम्ही दोघं हवे आहात, एवढंच सांगायचं राहिलं होतं!”

चुलीवरची ढवळणी थांबली. बकऱ्या थांबल्या. सगळी वाडी माझ्याकडे बघतेय.

मंदार दोरी हातात धरून तसाच. “सायली… काय झालंय?”

“काय झालंय म्हणून काय विचारतोस? अणुबॉम्ब!”

“कुठे?”

“ते मला काय माहीत? साहेबांना विचार!” आणि मी बोट दाखवलं ते बाबलकाकांकडे. ते कोंबड्याच्या पायाला दोरी बांधत होते.

मग बाबलकाकांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते आनंदाने ओरडले, “मंदार! रे, तुझी फिल्म चालली रे! मिया म्हटलेलंय ना, माझो ऑफिसर पटतलो म्हणून!”

यानंतर वाडी जी हसली, जी हसली! खुर्चीतल्या आजींना पाणी पाजावं लागलं. कोणी विचारतं, “गो, बॉम्ब खंय ठेवलंस? पिशयेत आसा काय?” कोणी कोंबड्यालाच साहेब म्हणतं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण खाली सगळा कातळ. तो कसला दुभंगतोय?

मंदार तेवढा हसला नाही. दोरी टाकून आला, भर वाडीसमोर माझा हात धरून मला झोपडीच्या दारात बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. म्हणाला, “दीड तास?”

मी मान हलवली.

“आणि मी म्हटलं, शांत शांत वाटतं.” त्याने कपाळावर हात मारून घेतला. “सॉरी गं.”

आई मात्र रागावल्या होत्या. “म्हणजे ती तुमची रीत नाय? मगे माझो चुनो कित्याक संपवलंस?” तीन दिवस त्यांना पानाला चुना शेजारच्या झोपडीतून मागून आणावा लागणार होता, आणि त्या झोपडीतल्या बाईशी त्यांचं गेल्या गावपळणीपासून पटत नव्हतं. कुरकुरतच त्यांनी माझी पिशवी उघडली. गोळ्या काढल्या. कानटोपी काढली. मग स्वेटर उलगडला.

आतला फोटो दोन्ही हातांत धरला. पदराने काच पुसली.

“तेंका भारी आवडायची गावपळण,” आई म्हणाल्या. “झोपडी बांधूक सगळ्यांच्या आधी धावत. गेले, त्याच्यानंतर चार गावपळणी झाल्या. माझ्या कधी मनातच इला नाय तेंका हय आणूचा.”

मंदारने उठून झोपडीच्या मधल्या वाशाला सुंभाने फोटो बांधला, बाहेर तोंड करून. आईंनी त्यापुढे पेजेची वाटी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बॉम्बाक भियान का होयना, पण म्हाताऱ्याक आणलंस.” आणि माझ्या भिजलेल्या पायांवर आपली शाल टाकली.

पिशवीच्या तळाशी आणखी एक वस्तू निघाली. टीव्हीचा रिमोट. लाईट गेली तेव्हा हातात होता, तो गडबडीत आत गेलेला. अणुयुद्धातून मी रिमोट वाचवून आणला होता!

ते तीन दिवस वाडीने माझ्यावर काढले. पण गंमत सांगू का? मला वाईट वाटलं नाही. आख्ख्या गावासमोर एवढं बोलून झाल्यावर लपवायला उरलं काय? मीपण बोलायला लागले. आईंना चुना मागायला शेजारच्या झोपडीत मीच जात होते. तिसऱ्या दिवशी आईंनी त्या बाईंना सांगितलं, “सून बरी आसा, पण माका बोलूक देणा नाय.”

कौल झाला, आम्ही परतलो. घर जसंच्या तसं. सासरे पुन्हा टीव्हीच्या वर गेले. लाईट होती. मी ओल्या फडक्याने खिडकीचा चुना घासत बसले (सहज निघेल असं वाटत असेल, तर तुम्ही काचेला कधी पानाचा चुना लावलेला नाही). मंदारने रिमोट दाबला. फिल्म थांबली होती तिथूनच सुरू झाली. बाबलकाका, मिशा, प्लास्टिकची फुलं.

“पुढील सूचना येईपर्यंत,” चष्मा काढून साहेब म्हणाले, “घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलत राहावं.”

मी खिडकीशी, मंदार खुर्चीत. त्याने हळूच माझ्याकडे बघितलं. ते वाक्य त्यानेच लिहिलेलं, त्यामुळे त्याला सुटका नव्हती. आणि मला आता उशीर करायचा नव्हता. फडकं बादलीत टाकलं, त्याच्या समोर येऊन बसले आणि सरकारी सूचनेचं तंतोतंत पालन करत कसालचा दीड तास पहिल्या मिनिटापासून सांगायला सुरुवात केली.